एचआयव्हीसोबत हिपॅटायटिस पण असेल तर आतडं आणि लिव्हर कसं सांभाळायचं, सुरुवात कुठून करायची

कळवा-मुंब्र्यापासून घणसोली-तुर्भ्यापर्यंत एचआयव्ही असलेल्या लोकांसोबत माझं काउन्सेलिंगचं काम चालतं, आणि हल्ली एक प्रश्न फार येतो. ताई, प्रोबायोटिकची, म्हणजे पोटातल्या चांगल्या जंतूंची, कुठली कॅप्सूल चांगली? कारण रीलमध्ये कोणीतरी सांगितलेलं असतं की पोट सुधारलं की लिव्हर आपोआप सुधारतं. मी उलट विचारते, तुझी हिपॅटायटिस बी आणि सीची टेस्ट कधी झाली? त्यावर बहुतेक वेळा शांतता. पोटातल्या जंतूंचा आणि लिव्हरचा संबंध खरा आहे, त्यात फेकाफेकी नाही, पण लोक तो शेवटच्या टोकाकडून धरतात. आधी व्हायरस, मग दारू, मग घरातला औषधांचा डबा, आणि त्यानंतर ताट. कॅप्सूल सगळ्यात शेवटी, आणि बऱ्याच जणांना तिची गरजच नसते.

आधी हे नेमकं होतं कसं

आतड्यात जे शोषलं जातं ते रक्त थेट सगळ्या शरीरात जात नाही, आधी पोर्टल व्हेन नावाच्या जाड शिरेतून लिव्हरकडे जातं. लिव्हरला मिळणाऱ्या रक्तातलं साधारण तीन चतुर्थांश रक्त ह्याच शिरेने येतं. नाशिकची भाजी कशी आधी वाशीच्या एपीएमसीत उतरते आणि तिथून मग मुंबईभर जाते, तसंच हे, त्यामुळे सडका माल आला तरी तो आधी लिव्हरच्याच दारात पडणार.

आता एचआयव्ही. शरीरातल्या सीडी४ पेशींचा, म्हणजे एचआयव्ही ज्यांना मारतो त्या प्रतिकारशक्तीच्या पेशींचा, फार मोठा साठा आतड्याच्या अस्तरात असतो आणि लागण झाल्यावर अगदी पहिल्या काही आठवड्यातच व्हायरस तिथे धुमाकूळ घालतो, रक्तातला सीडी४ आकडा तेव्हा ठीकठाक दिसत असला तरी. त्यातल्या टीएच१७ नावाच्या पेशी आतड्याची भिंत धड ठेवायचं काम करतात, त्या गेल्या की भिंत गळकी होते. जंतूंचे तुकडे, मुख्यतः त्यांच्या बाहेरच्या आवरणातला लायपोपॉलिसॅकराइड नावाचा पदार्थ, रक्तात झिरपतो. २००६ साली अमेरिकेतल्या संशोधकांनी एचआयव्ही असलेल्यांच्या रक्तात हा पदार्थ जास्त असतो आणि त्यामुळे प्रतिकारशक्ती सतत चिडलेली राहते असं दाखवलं. मग २००८ मध्ये बाल्टिमोरच्या लोकांवरच्या अभ्यासात दिसलं की एचआयव्ही आणि हिपॅटायटिस सी दोन्ही असलेल्यांमध्ये ज्यांच्यात ही गळती जास्त, त्यांचं लिव्हर सिरोसिसकडे, म्हणजे डाग पडून पडून कडक होण्याकडे, जाण्याचं प्रमाणही जास्त.

लिव्हरमध्ये ह्या तुकड्यांना पकडणाऱ्या कुप्फर पेशी असतात. त्या रोज रोज चिडल्या की शेजारच्या स्टेलेट पेशींना उठवतात आणि त्या पेशी डाग पाडत सुटतात, म्हणजे फायब्रोसिस. हिपॅटायटिसचा व्हायरस तिथे आधीपासून जाळपोळ करत बसलेलाच असतो. त्यात दारू असेल तर तीही आतड्याची भिंत सैल करते, म्हणजे एकाच लिव्हरवर तिन्हीकडून मार. सिरोसिस झाला की परत उलटं चक्र सुरू होतं, पित्त कमी येतं, आतड्याची हालचाल मंदावते, जंतू नको तिथे वाढतात, गळती आणखी वाढते.

पहिलं काम, व्हायरस कोणकोणते आहेत ते कागदावर आणा

एआरटी, म्हणजे एचआयव्हीची रोजची औषधं, चालू असेल तर आतड्याची भिंत बरीचशी सावरते, पूर्ण नाही, पण बरीचशी. आणि जितकी लवकर सुरू तितकं चांगलं. २०१७ पासून आपल्याकडे सीडी४ कितीही असला तरी एचआयव्ही निघाला की सरकारी एआरटी सेंटरला फुकट गोळी सुरू होते. त्यामुळे आतड्यासाठी सगळ्यात भारी औषध कुठलं असं विचाराल तर ते तुमची रोजची टीएलडीच आहे, म्हणजे टेनोफोविर, लॅमिव्हुडिन आणि डोलुटेग्राविरची एकत्र गोळी, जिला लोक कंटाळून महिन्यातून चार दिवस सुट्टी देतात.

एक गोष्ट इथे सांगितलीच पाहिजे. ठाण्यातले कितीतरी लोक ओळखीचं कोणी भेटेल म्हणून ठाणे सिव्हिलला जात नाहीत, ट्रान्स हार्बर पकडून वाशीला नाहीतर पार मुंबईत जातात, आणि नवी मुंबईवाले ठाण्याला येतात. जा की, काही हरकत नाही, एका सेंटरवरून दुसरीकडे रीतसर ट्रान्सफर मिळतो. पण लांब पडतं म्हणून महिना चुकवायचा हे नको. एचआयव्हीचा कायदा आहे २०१७ चा, तुमच्या परवानगीशिवाय तुमचं स्टेटस कोणी कोणाला सांगू शकत नाही आणि एचआयव्ही आहे म्हणून उपचार नाकारू शकत नाही. १०९७ ही नॅकोची, म्हणजे सरकारच्या एड्स नियंत्रण संस्थेची, फुकट हेल्पलाइन आहे, नाव न सांगता बोलता येतं.

आता टेस्ट. तीन गोष्टी मागून घ्या. हिपॅटायटिस बीसाठी एचबीएसएजी, सीसाठी अँटी-एचसीव्ही, आणि अँटी-एचसीव्ही पॉझिटिव्ह आली तर एचसीव्ही आरएनए म्हणजे व्हायरल लोड. अँटीबॉडी पॉझिटिव्ह म्हणजे व्हायरस आत्ता आहेच असं नाही, एकदा होऊन गेला तरी ती आयुष्यभर पॉझिटिव्ह दाखवते. आणि उलटही होतं, सीडी४ खूप खाली असताना अँटीबॉडी तयारच होत नाही आणि टेस्ट खोटी निगेटिव्ह येते, म्हणून लिव्हरचे आकडे विनाकारण वाढलेले असतील तर आरएनएच करायला सांगा.

सी निघाला तर खरं म्हणजे नशीब चांगलं, कारण तो पूर्ण बरा होतो. २८ जुलै २०१८ ला राष्ट्रीय व्हायरल हिपॅटायटिस कार्यक्रम सुरू झाला, त्यात तपासणी आणि औषधं फुकट आहेत. सिरोसिस नसेल तर साधारण सोफोस्बुविर आणि डॅक्लाटास्विर १२ आठवडे, सिरोसिस असेल तर वेल्पाटास्विरवाली गोळी, काही वेळा कोर्स लांबतो. १०० मधले ९५ च्या वर बरे होतात, एचआयव्ही असला तरी. कोर्स संपल्यावर १२ आठवड्यांनी परत व्हायरल लोड करायचा, तो निगेटिव्ह आला की झालं. पण परत होऊ शकतो हं, एकदा झाला म्हणून संरक्षण मिळत नाही, सुई शेअर केली की पुन्हा पहिल्यापासून. आणि सीच्या गोळ्या सुरू करायच्या आधी बीची टेस्ट झालीच पाहिजे, कारण सी गेला की दबलेला बी उसळी मारू शकतो.

बीचं प्रकरण वेगळं. तो बरा होत नाही, दाबून ठेवता येतो. सुदैवाने टीएलडीमधले टेनोफोविर आणि लॅमिव्हुडिन दोन्ही बीवरही चालतात, म्हणजे एका गोळीत दोन कामं. त्यामुळेच बी असलेल्या माणसाने टीएलडी अचानक बंद करणं हे मी पाहिलेल्यातलं सगळ्यात धोक्याचं काम आहे, लिव्हर काही आठवड्यात भडकू शकतं, फेलही होऊ शकतं. प्रायव्हेटमध्ये कोणी टेनोफोविर नसलेल्या दोन औषधांच्या गोळीवर टाकत असेल तर तिथेच विचारा, डॉक्टर, माझ्या बीचं काय? लाजू नका.

लिव्हर किती बिघडलंय ते घरबसल्या मोजा

हे मला फार आवडतं कारण ह्याला पैसे लागत नाहीत. फिब-४ नावाचा हिशोब आहे, २००६ साली तो एचआयव्ही आणि हिपॅटायटिस सी दोन्ही असलेल्या पेशंटवरच तयार केला गेला, म्हणजे आपलाच. तुमचं वय, लिव्हरच्या टेस्टमधले एसजीओटी आणि एसजीपीटी हे दोन आकडे, आणि प्लेटलेट एवढंच लागतं, हे सगळं नेहमीच्या रिपोर्टमध्ये असतं. वय गुणिले एसजीओटी, हे वर. खाली प्लेटलेट हजारात गुणिले एसजीपीटीचं वर्गमूळ. वरच्याला खालच्याने भागा.

समजा वय ४६, एसजीओटी ६४, एसजीपीटी ४९, प्लेटलेट दीड लाख, म्हणजे १५०. वर ४६ गुणिले ६४ म्हणजे २९४४. ४९ चं वर्गमूळ ७, म्हणून खाली १५० गुणिले ७ म्हणजे १०५०. भागाकार २.८. १.४५ च्या खाली असेल तर जास्त डाग असण्याची शक्यता कमी, ३.२५ च्या वर असेल तर बरेच डाग असण्याची शक्यता दाट, मधे असेल तर फायब्रोस्कॅन, म्हणजे लिव्हर किती कडक झालंय ते मोजणारा स्कॅन, करून खात्री करायची. हा २.८ वाला माणूस मधला, त्याने स्कॅन टाळू नये.

फक्त पावसाळ्यात जपून. डेंग्यू-मलेरियात प्लेटलेट पडतात आणि एसजीओटी वाढतो, मग हा आकडा उगाच ६-७ दाखवतो आणि माणूस घाबरून अर्धा होतो. ताप उतरून महिना गेला की मगच मोजा.

रक्तातली गळती मोजणाऱ्या टेस्ट संशोधनापुरत्या आहेत, त्यांच्या मागे लागू नका. आणि ते शी पाठवून मायक्रोबायोमचा, म्हणजे पोटातल्या जंतूंच्या वस्तीचा, रंगीत रिपोर्ट देणारे किट, माझ्या मते सध्या पैसे वाया. त्या रिपोर्टवरून तुमचं एकही औषध बदलत नाही. वर त्यात प्रिव्होटेला नावाचा जंतू जास्त आला की लोक नेटवर वाचून घाबरतात, कारण परदेशी अभ्यासांमध्ये तो एचआयव्हीशी जोडला होता. नंतर लक्षात आलं की त्यातला बराचसा फरक पुरुषांशी संबंध ठेवणाऱ्या पुरुषांमध्ये एचआयव्ही नसतानाही दिसतो. आणि डाळ-भात-भाकरी खाणाऱ्या आपल्या लोकांच्या पोटात प्रिव्होटेला मुळातच भरपूर असतो. गंमतच आहे सगळी.

दारू

ह्यावर मी फार बोलत नाही कारण सगळ्यांना माहीत आहे. ताई दारू नाही हो, फक्त बिअर, हे मी आता ऐकूनच घेत नाही. हिपॅटायटिस असताना किती चालेल ह्याचं उत्तर शून्य आहे. पण रोज क्वार्टर-दोन क्वार्टर घेणाऱ्याने एका रात्रीत एकट्याने बंद करू नये, हात थरथरणं, भास होणं, फिट येणं असं होऊ शकतं, डॉक्टरच्या देखरेखीखाली उतरा. आणि पिताना टीएलडी चुकते, ते नुकसान वेगळंच.

औषधांचा डबा उघडा

इथे लोक सगळ्यात जास्त फसतात म्हणून जरा वेळ काढून वाचा.

जुलाब झाले की नाक्यावरचा केमिस्ट ऑफ्लोक्सासिन-ऑर्निडाझोलची पट्टी देतो, दोन गोळ्यात बरं वाटलं की उरलेली डब्यात. बरेचसे जुलाब अँटिबायोटिकशिवाय थांबतात, ओआरएस पुरतो, आणि दर वेळी अशी गोळी खाल्ली की आतड्यातले चांगले जंतू झोपतात. ज्यांची भिंत आधीच गळकी त्यांनी तर हे अजिबात करू नये. मात्र रक्त पडत असेल, ताप असेल किंवा सीडी४ कमी असेल तर घरी थांबायचं नाही, शीची तपासणी करायची. आणि हे वाचून एआरटी सेंटरने दिलेली को-ट्रायमॉक्साझोल बंद करू नका बरं का! तीही अँटिबायोटिक आहे पण ती न्यूमोनिया वगैरेपासून वाचवायला दिलेली असते, ती कधी थांबवायची ते डॉक्टर ठरवतील.

ॲसिडिटीची सकाळची पॅन्टोप्राझोल. कोणीतरी कधीतरी १० दिवसांसाठी लिहून दिली आणि वर्षं झाली तरी चालू आहे, असे घरोघरी आहेत. पोटातलं ॲसिड हे जंतूंना अडवतं, ते कायम बंद ठेवलं तर आतड्यातली वस्ती बदलते आणि सिरोसिसमध्ये इन्फेक्शनचा धोका वाढतो. शिवाय वेल्पाटास्विर नीट शोषली जात नाही. खरंच गरज आहे का ते विचारा. डायजीन-जेलुसिलसारखं काही घेत असाल तर टीएलडी त्याच्या २ तास आधी किंवा ६ तास नंतर, कारण त्यातलं मॅग्नेशियम-ॲल्युमिनियम डोलुटेग्राविरला धरून ठेवतं. कॅल्शियम आणि लोहाच्या गोळ्यांचंही तसंच, फक्त त्या जेवणासोबत टीएलडीबरोबर घेतल्या तर चालतात.

टीबी निघाला तर टीबीच्या डॉक्टरला एचआयव्ही आणि हिपॅटायटिस दोन्ही सांगा. टीबीची औषधं लिव्हरला जड असतात, रिफाम्पिसिन असेल तर डोलुटेग्राविरचा डोस दिवसातून दोनदा करावा लागतो आणि सीच्या गोळ्या रिफाम्पिसिनसोबत चालत नाहीत. अंगदुखीला सिरोसिसवाल्यांनी डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन टाळायचं. पॅरासिटॅमॉल चालते, दिवसाला २ ग्रॅमच्या आत.

आणि आता काढे. गुळवेल, लिव्हर टॉनिक, इम्युनिटीचं चूर्ण, ओळखीच्या वैदूची पुडी. २०२१ मध्ये मुंबईतल्या डॉक्टरांनी गुळवेलीचा रस-काढा घेणाऱ्या काही लोकांच्या लिव्हरला इजा झाल्याचं छापलं, आयुष मंत्रालयाने ते मान्य केलं नाही, वाद झाला. वाद कोणी जिंको, हिपॅटायटिस असलेल्या माणसाने प्रयोगाचा उंदीर का व्हायचं? भाजीतली हळद खुशाल खा, पण मिरीचा अर्क घातलेल्या कर्क्युमिनच्या स्ट्रॉंग कॅप्सूल आणि ग्रीन टीच्या अर्काच्या गोळ्या ह्यांनीही लिव्हर बिघडल्याच्या केसेस आहेत. घरचे प्रेमाने आणून देतात, नाही म्हणता येत नाही, मला कळतं. डॉक्टरने मना केलंय म्हणून सांगा, खोटं पडणार नाही.

ताट

आतड्याच्या अस्तराचं मुख्य खाणं ब्युटिरेट, आणि ते बनवतात आपले जंतू, फायबर आंबवून. त्यामुळे महागडं काही नको, ज्वारी-नाचणीची भाकरी, मटकीची उसळ, शेवग्याच्या शेंगा, भेंडी, गवार, पेरू. रोज तेच नको, आठवड्यात आलटून पालटून. एकदम वाढवलं तर गॅस होतो, हळूहळू वाढवा. घरचं दही-ताक चांगलं. मामलेदारची मिसळ महिन्यातून एकदा खाल्लीत म्हणून लिव्हर रुसणार नाही, तिखटाने लिव्हर खराब होतं हा समजच चुकीचा, पण रोजचा वडापाव आणि दोन कटिंगमधली साखर पोटावर चरबी चढवते आणि मग फॅटी लिव्हर वर. महापे-ऐरोलीत नाइट शिफ्ट करणाऱ्यांचं हे जास्त.

कॉफी. फ्रान्समध्ये एचआयव्ही आणि हिपॅटायटिस सी असलेल्या हजारेक लोकांना ५ वर्षं पाहिलं, त्यात दिवसाला ३ किंवा जास्त कप कॉफी पिणाऱ्यांमध्ये मृत्यूचा धोका जवळपास निम्मा दिसला. कॉफीनेच वाचले असं ह्यातून सिद्ध होत नाही, पण झोप आणि बीपी ठीक असेल तर कमी साखरेची कॉफी प्यायला माझी ना नाही.

बी असलेल्यांनी पावसाळ्यात शेंगदाणे निवडून घ्या. ओल लागून बुरशी धरलेले, खवट, काळपट दाणे फेकून द्या, त्यातलं अफ्लाटॉक्सिन आणि हिपॅटायटिस बी मिळून लिव्हर कॅन्सरचा धोका कितीतरी पट वाढवतात. भाजून किंवा कूट करून ते विष जात नाही. तिसऱ्या, कालवं, शिंपल्या पूर्ण शिजवून खायच्या, आणि सिरोसिस असेल तर हाताला जखम असताना खाडीच्या पाण्यात उतरायचं नाही, मासळी साफ करायची नाही. त्या पाण्यात सापडणारा एक व्हिब्रिओ जंतू बिघडलेल्या लिव्हरच्या माणसाला दोन दिवसात संपवू शकतो. कोळीवाड्यातल्या लोकांना मी हे मुद्दाम सांगते. पाणी पावसाळ्यात उकळूनच, कारण दूषित पाण्यातून ए आणि ई कावीळ येते आणि आधीच बिघडलेल्या लिव्हरला ती झेपत नाही.

सिरोसिस झाला म्हणून डाळ, अंडी, मासे बंद करू नका. जुन्या सल्ल्यामुळे लोक नुसती पेज पितात आणि स्नायू वाळतात. वजनाच्या किलोमागे रोज १.२ ते १.५ ग्रॅम प्रोटीन लागतं, आणि रात्री झोपताना काहीतरी खायचं, उपाशी झोपायचं नाही. पोटात पाणी झालं असेल तर मीठ कमी, म्हणजे पापड, लोणचं, सुकट बंद.

बरं, ती कॅप्सूल

प्रोबायोटिकवर एचआयव्हीमध्ये छोटे छोटे अभ्यास झालेत, कुठे सूज थोडी कमी दिसली कुठे काहीच नाही, लिव्हरचे डाग त्याने मागे जातात असं म्हणायला आधार नाही. आणि सीडी४ खूप कमी असेल किंवा सिरोसिस पुढे गेलेला असेल तर हे जिवंत जंतू, मुख्यतः सॅकरोमायसिस बुलार्डी नावाचं यीस्ट, क्वचित रक्तात उतरू शकतं. अशा माणसाने डॉक्टरला विचारल्याशिवाय घेऊ नये. रिफाक्सिमिन आणि लॅक्टुलोज ही मात्र वेगळी गोष्ट, सिरोसिसमध्ये डोक्यावर परिणाम होतो तेव्हा आतड्यातलं विष कमी करायला ती देतात. लॅक्टुलोज दिवसाला २-३ मऊ शी होईल एवढंच घ्यायचं, जुलाब लागले म्हणून एकदम बंद करायचं नाही, मात्रा कमी करायची.

लस आणि पुढची तपासणी

बी नसेल तर बीची लस घ्या, साधारण ०, १ आणि ६ महिन्यांनी, एचआयव्हीमध्ये बऱ्याचदा दुप्पट डोस देतात आणि नंतर अँटी-एचबीएस करून लागली का ते बघतात. बी असेल तर नवरा-बायको-मुलं सगळ्यांची टेस्ट आणि लस, रेझर आणि टूथब्रश वेगळे, जेवणाची भांडी वेगळी करायची गरज नाही. सिरोसिस असेल तर दर ६ महिन्यांनी सोनोग्राफी, सी बरा झाला तरी. तो बरा झाल्यावर लोक गायब होतात आणि मग कॅन्सर मोठा होऊन सापडतो.

कधी पळायचं ते घरच्यांनाही सांगून ठेवा. रक्ताची उलटी, डांबरासारखी काळी शी, डोळे पिवळे, दिवसा झोप आणि रात्री टक्क जागा, बोलण्यात घोळ. आणि पोटात पाणी असलेल्याला ताप आला किंवा पोट दुखलं तर ती साधी ॲसिडिटी समजू नका, आतड्यातले जंतू त्या पाण्यात शिरलेले असू शकतात, सुईने थोडं पाणी काढून लगेच तपासावं लागतं आणि अँटिबायोटिक शिरेतून लागतं. १०८ ला फोन करा, कॅज्युअल्टीत पहिल्या वाक्यातच एचआयव्ही, बी की सी, आणि कुठल्या गोळ्या चालू आहेत ते सांगा. रिपोर्टचे फोटो मोबाइलमध्ये एका फोल्डरमध्ये ठेवा आणि त्याचं लॉक घरातल्या एका तरी माणसाला माहीत असू द्या.